म्हातारपणाची शिदोरी आणि प्राप्तीवरील कर

रडल्यावांचून आई देखील मुलास पाजीत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. सरकार तर आई नव्हेच. परंतु या म्हणीचा अनुभव सर्वांत अधिक कोठें येत असेल, तर तो करखात्याच्या दारांत. कर मागावयास खातें आपण होऊन घरीं येतें. कायद्यानें दिलेली सवलत मात्र पुष्कळदां ज्याची त्यानें मागून घ्यावी लागते. स्वतःच्या कमाईंतून म्हातारपणासाठीं जो मनुष्य पैसा बाजूस टाकतो, त्याच्या तेवढ्या पैशावर सरकारनें कर घेऊं नये, हें तत्त्व आज पुष्कळ देशांनीं मान्य केलें आहे. इंग्लंडांत या तत्त्वाचा इतिहास सव्वादोनशें वर्षांचा आहे, आणि त्याची एक फांदी हिंदुस्थानांतहि येऊन रुजली. वरवर पाहतां हा इतिहास कोरड्या आंकड्यांचा वाटेल. परंतु त्याच्या पोटांत एक जिव्हाळ्याचा प्रश्न दडलेला आहे: ज्याच्या पाठीशीं धनी नाहीं, ज्याला पेन्शन देणारें कोणी नाहीं, त्यानें म्हातारपणीं कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

या कथेचा आरंभ युद्धांत होतो. १७९८ सालीं इंग्लंड फ्रान्सशीं झुंजत होतें आणि खजिना आटत चालला होता. त्या वर्षाच्या डिसेंबरांत मुख्य प्रधान विल्यम पिट यानें पार्लमेंटापुढें प्राप्तीवरील कराची योजना मांडली व १७९९ पासून ती अमलांत आली. साठ पौंडांहून कमी प्राप्ति असणारास कर माफ होता. दोनशें पौंडांवर प्राप्ति असणारास पौंडामागें दोन शिलिंग, म्हणजे दहावा हिस्सा द्यावा लागे. पिटची अपेक्षा एक कोटी पौंडांची होती; प्रत्यक्षांत सुमारें साठ लाखच हातीं आले. याच पहिल्या कायद्यांत आयुष्याच्या विम्याच्या हप्त्यांस सूट दिलेली होती. त्या काळीं पेन्शन ही सामान्य माणसाच्या वांट्याची वस्तु नव्हती. स्वतःच्या कमाईवर पोट भरणाऱ्यास बायकामुलांची तरतूद करण्याचा मार्ग म्हणजे विमा. आणि त्या हप्त्यावर कर घेणें म्हणजे पोरक्या मुलांच्या ताटांतला घांस काढून घेणें, ही जाणीव या सवलतीच्या मुळाशीं आहे.

हा कर लोकांस इतका अप्रिय झाला, कीं नेपोलियनचा पाडाव होतांच १८१६ सालीं पार्लमेंटानें तो रद्द केला व त्याचे कागदपत्रहि नष्ट करण्याचा हुकूम सोडला. परंतु खर्च कोणास चुकला आहे? १८४२ सालीं सर रॉबर्ट पील यानें तो कर पुन्हां आणला. दीडशें पौंडांवरील प्राप्तीस पौंडामागें सात पेन्स, आणि तोहि केवळ तीन वर्षांपुरता, असें त्याचें आश्वासन होतें. तो तात्पुरता पाहुणा जो घरांत शिरला, तो आजतागायत बाहेर पडलेला नाहीं.

कर राहिला, तेव्हां त्याच्या न्यायान्यायाची चर्चाहि सुरू झाली. समजा, एका जमीनदारास खंडापासून वर्षाला पांचशें पौंड मिळतात आणि एका डॉक्टरास रोग्यांकडून तितकेच पौंड मिळतात. दोघांवर कर सारखा. परंतु जमीनदार आजारी पडला तरी त्याचा खंड आजारी पडत नाहीं. तो म्हातारा झाला तरी जमीन म्हातारी होत नाहीं. डॉक्टराचे हात थकले कीं त्याची प्राप्ति त्या दिवशीं थांबली. तेव्हां डॉक्टरानें आपल्या प्राप्तींतून कांहीं भाग पुढील दिवसांसाठीं ठेवलाच पाहिजे. जमीनदारास तशी गरज नाहीं. मग दोघांची प्राप्ति सारखी कशी म्हणावी? पार्लमेंटांत जोसेफ ह्यूम या सभासदानें या प्रश्नाचा पाठपुरावा केला व १८५१ सालीं त्याच्या अध्यक्षतेखालीं एक समिति बसली.

१८५३ च्या एप्रिलांत अर्थमंत्री ग्लॅडस्टन यानें सुमारें पांच तास भाषण करून आपलें पहिलें अंदाजपत्रक मांडलें. कष्टाच्या प्राप्तीस एक दर आणि जमीनजुमल्याच्या प्राप्तीस दुसरा दर, ही मागणी त्यानें मान्य केली नाहीं. परंतु त्या मागणींतील न्यायाचा अंश ओळखून त्यानें एक मधला मार्ग काढला. जो मनुष्य स्वतःच्या अथवा पत्नीच्या आयुष्याचा विमा उतरील, किंवा पुढें ठराविक काळानें सुरू होणारें वर्षासन विकत घेईल, त्याच्या हप्त्याइतकी रक्कम त्याच्या प्राप्तींतून वजा धरावी. मात्र ही वजावट प्राप्तीच्या सहाव्या हिश्शाहून अधिक असूं नये. म्हातारपणासाठीं स्वतः केलेल्या तरतुदीस करांत सूट देण्याची जी पद्धति पुढें वाढीस लागली, तिचें बीज या वर्षासनाच्या शब्दांत आहे. ग्लॅडस्टनचा मनोदय तर १८६० पर्यंत प्राप्तीवरील कर हळूहळू उतरवून बंद करण्याचा होता. पुढच्याच वर्षीं क्रिमियाचें युद्ध पेटलें. तो मनोदय कागदावर राहिला आणि सवलत मात्र टिकली.

याच वर्षीं इंग्लंडच्या खजिन्यांत अर्थविभागाचा चिटणीस म्हणून जेम्स विल्सन हा गृहस्थ नेमला गेला. 'इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचा हाच संस्थापक. १८५७ च्या बंडानंतर हिंदुस्थान सरकारचा खजिना रिता झाला होता. तो सांवरण्यासाठीं विल्सनची कलकत्त्यास पहिला अर्थसचिव म्हणून योजना झाली, आणि १८६० सालीं त्यानें या देशांत प्राप्तीवरील कर आणला. कायदा झाल्यावर थोड्याच दिवसांत, त्याच वर्षाच्या ऑगस्टांत, तो कलकत्त्यास वारला. त्याचा कर मात्र येत जात राहिला व १८८६ च्या कायद्यानें येथें कायमचा झाला. या १८८६ च्या कायद्यांत विम्याचा हप्ता व पुढील वर्षासनासाठीं कापलेली रक्कम यांस सूट ठेवलेली आढळते, आणि तिची मर्यादाहि तीच, प्राप्तीचा सहावा हिस्सा! ग्लॅडस्टननें लंडनमध्यें घातलेलें माप मुंबईच्या पेढीवाल्यास व पुण्याच्या वकिलास असें तेहतीस वर्षांनीं लागू झालें. १८७४ सालीं मुंबईंत निघालेल्या 'ओरिएंटल' सारख्या विमा कंपन्या तेव्हां येथें पाय रोवीत होत्या.

पुन्हां इंग्लंडकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें तीन गोष्टी घडल्या. १९०७ सालीं अर्थमंत्री ॲस्क्विथ यानें ग्लॅडस्टननें नाकारलेलें तत्त्व मान्य केलें व दोन हजार पौंडांपर्यंत प्राप्ति असणारांच्या कष्टाच्या कमाईस पौंडामागें एका शिलिंगाऐवजीं नऊ पेन्सांचा दर ठेवला. दुसरी गोष्ट, १९०८ च्या कायद्यानें सत्तरीस पोंचलेल्या गरीब वृद्धांस सरकारी पेन्शन मिळूं लागलें. १९०९ च्या पहिल्या जानेवारीपासून आठवड्यास पांच शिलिंग त्यांच्या हातीं पडूं लागले. रक्कम लहान होती; पण त्यासाठीं कोणापुढें पदर पसरावा लागत नव्हता. तिसरी गोष्ट १९२१ सालची. त्या वर्षाच्या अर्थविषयक कायद्यानें धन्यांनीं आपल्या नोकरांसाठीं स्थापिलेल्या पेन्शनच्या निधींस पूर्ण संरक्षण दिलें. नोकराची वर्गणी करमुक्त, धन्याची वर्गणी करमुक्त, निधीचें व्याजहि करमुक्त. मात्र पुढें जें पेन्शन हातीं येईल त्यावर त्या वेळच्या दरानें कर.

या योजनेचें मर्म समजून घेण्यासारखें आहे. सरकार येथें कर सोडीत नाहीं. तो पुढें ढकलतें. बीं पेरतांना सारा न घेतां पीक हातीं आल्यावर घ्यावा, तसा हा प्रकार आहे. आणि यांत वर्गणीदाराचा लाभ दुहेरी असतो. एक तर जो पैसा कराच्या रूपानें गेला असता तोहि निधींत राहून वर्षानुवर्षें व्याज मिळवितो; आणि दुसरें म्हणजे म्हातारपणीं प्राप्ति कमी झालेली असल्यामुळें कराचा दरहि बहुधा कमी लागतो.

परंतु १९२१ च्या या मांडवांत जागा मिळाली ती नोकरदारांस. ज्याला धनी होता, आणि त्या धन्यानें निधि स्थापिला होता, तोच आंत बसला. स्वतःचा दवाखाना चालविणारा डॉक्टर, वकील, दुकानदार, शिंपी, सुतार, लेखक, तसेंच ज्यांच्या धन्यानें कोणताच निधि काढला नव्हता असे असंख्य कारकून बाहेर उभे राहिले. त्यांस विम्याची जुनी सवलत होती, पण तिचें मोल काळाच्या ओघांत घटलें होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर तर कराचा मूळ दर पौंडामागें आठ-नऊ शिलिंगांच्या घरांत होता. अशा दिवसांत करानंतर उरलेल्या पैशांतून म्हातारपणाची पुंजी सांठविणें म्हणजे भोंक पडलेल्या घागरीनें पाणी भरण्यासारखें होतें. एकाच गल्लींत राहणारे दोघे, एक बँकेंतला नोकर व दुसरा स्वतःचें दुकान चालविणारा; दोघांची कमाई सारखी, दोघांचे कष्ट सारखे; पण पासष्टाव्या वर्षीं एकाच्या हातीं पेन्शनचा कागद आणि दुसऱ्याच्या हातीं दुकानाच्या किल्ल्या, असा हा विषम न्याय होता.

हा अन्याय दूर करण्यासाठीं १९५० सालीं मिलार्ड टकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. तिनें १९५४ सालीं आपला अहवाल दिला आणि अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनीं १९५६ च्या अंदाजपत्रकांत तो विषय हातीं घेतला. त्या वर्षाच्या कायद्यानें स्वतंत्र धंदा करणारांस, तसेंच पेन्शन नसलेल्या नोकरांस, विमा कंपनीशीं निवृत्तीच्या वर्षासनाचा करार करण्याची मुभा मिळाली. कमाईचा दहावा हिस्सा, पण वर्षास ७५० पौंडांहून अधिक नाहीं, इतकी वर्गणी प्राप्तींतून वजा होऊं लागली. १९१६ पूर्वीं जन्मलेल्या लोकांचीं उमेदीचीं वर्षें या सवलतीवांचून गेलेलीं होतीं. म्हणून त्यांच्यासाठीं मर्यादा वयाच्या मानानें कांहींशी वाढविली होती. अटी मात्र कडक होत्या. वर्षासन साठ ते सत्तर या वयांतच सुरू व्हावयाचें. तत्पूर्वीं पैशास हात लावतां यावयाचा नाहीं. तें विकतां यावयाचें नाहीं, गहाण टाकतां यावयाचें नाहीं. कायद्यानें जणू मनुष्याच्या तरुण हातापासून त्याच्याच म्हाताऱ्या हातासाठीं ही पुंजी राखून ठेवली. पिटच्या कायद्यापासून या न्यायापर्यंत यावयास इंग्लंडास एकशें सत्तावन्न वर्षें लागलीं.

योगायोग असा, कीं हेंच १९५६ साल हिंदुस्थानांतहि या विषयांत महत्त्वाचें ठरलें. त्या वर्षीं १९ जानेवारी रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं नभोवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि १ सप्टेंबर रोजीं आयुर्विमा महामंडळ अस्तित्वांत आलें. त्याचें मुख्य ठाणें मुंबईस आहे. पुढें १९६८ च्या कायद्यानें सार्वजनिक भविष्य निर्वाह निधि निघाला. नोकरी नसलेल्या माणसासहि त्यांत पैसे ठेवून करांत सूट घेतां येऊं लागली. इंग्लंडांतील दुकानदारास १९५६ सालीं जें दार उघडलें, त्याच जातीचें हें येथील दार होय.

इंग्लंडांत १९८० सालीं वर्गणीची मर्यादा कमाईच्या साडेसतरा टक्क्यांपर्यंत गेली. उलट १८५३ पासून चालत आलेली विम्याच्या हप्त्यांची सवलत अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनीं १९८४ च्या मार्चांत नव्या विम्यांपुरती बंद केली. जुन्या विम्यांवरील तिचा शेवटचा अंशहि २०१५ च्या एप्रिलांत संपला. मूळ झाड वठलें, पण त्याच्या पारंबीचा वृक्ष झाला होता. १ जुलै १९८८ पासून 'वैयक्तिक पेन्शन' या नांवाची नवी पद्धति सुरू झाली आणि धन्याचा निधि सोडून स्वतःचें पेन्शन काढण्याची परवानगी नोकरांसहि मिळाली. येथें सवलतीच्या इतिहासांतलें एक काळें पान उलगडतें. दलालीच्या लोभानें विक्रेत्यांनीं कित्येक शिक्षक, परिचारिका, खाणकामगार यांस त्यांचे चांगले निधि सोडावयास लावले व कमी लाभाचीं पेन्शनें त्यांच्या गळ्यांत बांधलीं. १९९४ सालीं चौकशी सुरू झाली आणि शेंकडों कोटी पौंडांची भरपाई कंपन्यांस करून द्यावी लागली. करांत सूट मिळते एवढ्यावरून सौदा चांगला ठरत नाहीं, हा धडा असंख्य कुटुंबांनीं त्या काळांत महाग किंमत देऊन घेतला.

सूट प्रत्यक्ष पदरांत कशी पडते, हेंहि पाहिलें पाहिजे. ब्रिटनमध्यें २००८ पासून कराचा मूळ दर शेंकडा वीस आहे. वैयक्तिक पेन्शनमध्यें ८० पौंड भरले, कीं पेन्शन देणारी संस्था करखात्याकडून २० पौंड आणून त्यांत घालते व निधींत १०० पौंड जमा होतात. वर्गणीदारास यासाठीं कांहींच करावें लागत नाहीं. परंतु ज्याच्या प्राप्तीच्या वरच्या भागावर शेंकडा चाळीस कर बसतो, त्याचा आणखी २० पौंडांवर हक्क असतो. आणि हे वीस पौंड आपोआप येत नाहींत. ते वार्षिक करपत्रकांत नोंदवून किंवा खात्यास कळवून मागावे लागतात. वर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आंत मागणी न केली तर हक्क बुडतो. अनेक लोक, सूट तर संस्थेनें आणलीच, असें समजून स्वस्थ बसतात व उरलेला अर्धा वांटा सरकारजमा होऊं देतात. लंडनमध्यें १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. तेव्हांपासून त्या देशांत स्थायिक होत आलेल्या मराठी कुटुंबांसहि हाच नियम लागू आहे.

येथें एक आक्षेप घेतां येण्यासारखा आहे आणि तो क्षुल्लक नाहीं. शंभर पौंडांची पुंजी करावयास मूळ दरानें कर देणारास ८० पौंड पडतात. अधिक दरानें कर देणारास, त्यानें मागणी केली तर, ६० च पडतात. म्हणजे ज्याला मदतीची गरज कमी त्यास ती अधिक. कायद्याचें यावरील उत्तर असें, कीं ज्यानें जितका कर दिला तितकाच त्यास परत मिळतो. हें उत्तर तर्कास पटतें. परंतु गरिबाच्या बाबतींत याच तर्कानें कांहीं काळ मोठी विसंगति निर्माण केली होती. २०१२ पासून नोकरांस पेन्शनच्या निधींत आपोआप दाखल करण्याचा नियम आला. कांहीं निधि वर्गणी पगारांतून करापूर्वींच कापून घेत. तेथें सूट तेव्हांच मिळून जाई. पण ज्याचा पगारच कराच्या मर्यादेखालीं, त्याला कर नाहीं म्हणून सूटहि नाहीं. तोच नोकर दुसऱ्या प्रकारच्या निधींत असता तर त्याच्या ८० पौंडांवर २० पौंड पडले असते. सारखा पगार, सारखी वर्गणी. पण धन्यानें कोणत्या तऱ्हेचा निधि निवडला यावर त्याचें नशीब अवलंबून! ही उणीव भरून काढण्याची तरतूद २०२४-२५ या वर्षाच्या वर्गण्यांपासून झाली. तिचा लाभ मुख्यतः थोड्या पगारावर थोडे तास काम करणाऱ्या स्त्रियांस आहे, हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे.

वरच्या अंगासहि कायद्याचें माप वारंवार बदलत गेलें. ६ एप्रिल २००६ रोजीं निरनिराळ्या पद्धति मोडून एकच पद्धति आली व वर्षास २,१५,००० पौंडांपर्यंत वर्गणीस सूट मिळूं लागली. २०११ सालीं ही मर्यादा ५०,००० वर आणि २०१४ सालीं ४०,००० वर उतरली. २०२३ सालीं ती ६०,००० वर चढली. सवलत देणारा हात ती आखडूं शकतो, हें यांतून स्पष्ट होतें. हिंदुस्थानांतहि २००९ सालीं राष्ट्रीय पेन्शन योजना सर्व नागरिकांस खुली झाली व २०१५ सालीं तींतील स्वतःच्या वर्गणीस पन्नास हजार रुपयांची वेगळी सूट मिळाली. परंतु २०२० सालीं कमी दरांची जी नवी करपद्धति निघाली व २०२३ पासून जी मूळ पद्धति मानली गेली, तींत या स्वतःच्या वर्गणीस सूट ठेवलेली नाहीं. सूट हवी असणारानें जुनी पद्धति मुद्दाम निवडली पाहिजे. म्हणजे येथेंहि तोंड उघडून मागितल्यावांचून कांहीं मिळत नाहीं.

या सव्वादोनशें वर्षांच्या इतिहासाचा मथितार्थ काढावयाचा तर तो असा. थकलेल्या हातांची पुढील भाकरी आणि चालत्या हातांची आजची प्राप्ति यांत कायद्यानें भेद केला पाहिजे, ही मागणी प्रथम पार्लमेंटांत आली तेव्हां ती मोठ्या मंत्र्यानेंहि अर्धीच मान्य केली. तिचा उरलेला अर्धा भाग पदरांत पडावयास डॉक्टर, दुकानदार व कारकून यांस पिढ्यान् पिढ्या वाट पाहावी लागली, आणि अगदीं थोड्या पगाराच्या स्त्रियांस तर कालपरवांपर्यंत. इतक्या कष्टानें मिळालेला हक्क केवळ आळसानें किंवा कागदाच्या भीतीनें बुडूं देणें शहाणपणाचें नाहीं. थेंबें थेंबें तळें सांचे, हें सर्वांस ठाऊक असतें. त्या तळ्याच्या बांधाला पडलेलें भोंक बुजविण्याची मुभा कायद्यानें दिली आहे. ती घेण्यासाठीं वर्षाकांठीं एकदां करपत्रक नीट वाचून भरण्याची तसदी मात्र ज्याची त्यानेंच घ्यावयाची आहे.